चिलखतावरची पाटी

"संध्याकाळी पाचला दिलीपचा कामाचा पास रद्द करायचं पत्र निघणार, ताई! मग सिंगापूर सोडावं लागणार! किमयाची परीक्षा महिन्यावर आलीय आणि मी पेट्या भरतेय!" ताईच्या बेडोकच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच सुरेखाला रडू फुटलं.

खाजगी तपासनीस विनीता रणदिवे चपला घालून तयारही झाली. तिचा नवरा प्रबोध मात्र पोह्यांची बशी संपल्याशिवाय उठेना. अशा माणसाला मदतनीस म्हणायचं, झालं!

१९९४ सालची ही गोष्ट. एमआरटी मेट्रोत सुरेखाने सगळं सांगितलं. तिचा नवरा दिलीप जुरोंगच्या जहाजांच्या यार्डात इंजिनियर. सोमवारी सकाळी मॅनेजर श्रीनिवासांसमोर त्याने जुन्या युद्धनौकेच्या चिलखताचा तुकडा कापून गोदामात ठेवला. तो परदेशी संग्रहालयाला जायचा होता. काल, गुरुवारी, संग्रहालयाचा तज्ज्ञ आला आणि म्हणाला, हे तर साधं पोलाद! सोमवारी गोदामाची किल्ली भांडारप्रमुख परेशकडे होती, मंगळवारपासून दिलीपकडे.

यार्डात दिलीप येरझाऱ्या घालत होता. टेबलावर त्याच चिलखताचा छोटा काप होता.

"ह्याची समोरची बाजू भयंकर कडक, ताई, गोळा आपटून फुटावा म्हणून. पाठ मऊ, म्हणजे तडकत नाही. जहाजावर बोल्टसुद्धा पाठीतूनच बसवायचे," दिलीप म्हणाला.

"दोन्ही बाजू सारख्याच दिसतात की," प्रबोध म्हणाला.

"कानस लावून बघा."

कानस समोरून सटकली, मागून चावली. प्रबोध खूश होऊन तेच करत बसला.

परेश तोऱ्यात आला. "सोमवारी दुपारी मीच तुकड्यावर पितळी पाटी बसवली. समोरून चार भोकं, साधं ड्रिल, दहा मिनिटांत! तेव्हा माल अस्सल होता. पुढचं दिलीपला विचारा."

"पण पाटी तर नकली तुकड्यावर आहे," विनीता म्हणाली.

"चोराने काढून लावली असणार!"

"भोकं अस्सल तुकड्यालाच पाडलीत?"

"शपथेवर सांगतो."

साडेचार वाजले होते. विनीताने श्रीनिवासांना बोलावलं आणि काप परेशपुढे सरकवला. "ह्यालाही एक पाडा. समोरून."

परेश हसला. ड्रिल किंचाळलं, घसरलं आणि त्याचं टोकदार बिट मोडलं. कापाला साधा ओरखडाही नव्हता. परेशचं हसू मावळलं.

"समोरून दहा मिनिटांत भोकं पडली, म्हणजे पाटी बसवली तेव्हाच तुकडा नकली होता," विनीता म्हणाली. "सकाळी अस्सल, दुपारी नकली, आणि त्या दिवशी किल्ली फक्त तुमच्याकडे. आयुष्यभर कागद सांभाळलेत, परेश. लोखंडाला कधी हात लावला असतात, तर ही थाप मारली नसतीत."

परेशने ड्रिल खाली ठेवलं. "अस्सल तुकडा इथेच क्वीन्सटाउनला आहे. भाड्याच्या गाळ्यात."

श्रीनिवासांनी सोबत आणलेलं पास रद्द करायचं पत्र फाडलं. सुरेखाने लगेच घरी फोन लावला.

"आई, सो वी स्टेइंग, लाह?" किमयाने सिंगापुरी ढंगात विचारलं.

"हो गं बाई, हो! पेटीतला युनिफॉर्म आधी बाहेर काढ. सोमवारी शाळा आहे."