निर्दोष दाढा

चौथी दाढ उपटायची सगळी तयारी झाली आणि ऐनवेळी दातांच्या डॉक्टरांचा हात अडला. त्यांनी वरच्या मजल्यावर फोन लावला.

"मॅडम, लगेच खाली येता का? या ड्रायव्हरच्या तीन दाढा काढल्या. तिन्ही धडधाकट निघाल्या. दुखणं आहे तिथंच."

मॅडम चेहऱ्याच्या दुखण्यांच्या डॉक्टर. त्या आल्या तेव्हा बसचा ड्रायव्हर डावा गाल धरून खुर्चीत बसला होता. शेजारी बायको, हातात डेपोची नोटीस. दुखण्याचं सोंग करता, आठ दिवसांत हजर व्हा, नाहीतर नोकरी गेली समजा.

"चावताना दुखतं?"

"नाही."

"गार पाण्यानं?"

"नाही. गिळताना टोचतं. पार कानापर्यंत कळ जाते."

"सुट्टीच्या दिवशी?"

ड्रायव्हरनं बायकोकडे बघितलं. "कमी असतं," बायको खाली बघत म्हणाली.

गोम इथंच होती. दाढेला रविवार कळत नाही.

"बस चालवून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं ओशाळून हवेतच स्टिअरिंग धरलं. गिअर टाकला. थांबा आला, तशी डावीकडे मान वळवून दाराकडे बघितलं, आणि गडी कळवळला. तोंड तर मिटलेलंच होतं.

मॅडमनी हातमोजा चढवला आणि घशात, डाव्या टॉन्सिलच्या जागी बोट दाबलं. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हीच कळ," बोट निघाल्यावर तो म्हणाला.

तिथं भुलीचं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांनी त्यानं भीतभीत मान वळवली. काही नाही. पुन्हा वळवली आणि चक्क हसला.

मॅडमनी जबड्याचा जुना एक्स-रे उजेडात धरला. "दात सोडा, कानाखाली बघा. इथं कवटीला सुईसारखं हाड असतं, सगळ्यांनाच. यांचं डावं दुप्पट लांब आहे. मान वळली, घोट गिळला, की नसेला टोचतं. कामावर दर थांब्याला मान वळते, घरी कशाला वळेल? स्कॅन करून खात्री करू, मग ते टोक कापून टाकू."

"म्हणजे गुन्हेगार पहिल्यापासून फोटोत होता?" दातांचे डॉक्टर पुटपुटले.

"होता. तुमची नजर दातांवरून हललीच नाही."

ड्रायव्हरनं मोठा श्वास सोडला. "सोंग नव्हतं तर. डेपोच्या साहेबांच्या कानात कुणी भरवलं कोण जाणे."

"मी," बायको म्हणाली.

ड्रायव्हरची मान गर्रकन तिच्याकडे वळली.

"साहेबांनी फोन केला होता. सुट्टीला ठणठणीत असतात, असं मीच सांगितलं. मला खरंच तसं वाटायचं." तिनं हातातली नोटीस नवऱ्यापुढं धरली. "माझं चुकलं. त्यांना आत्ता फोन लावा. हेही मीच सांगते."