तीन बाहेरून, दोन आतून

झाकण लावू नको बे, अतुल! हात काढ. राहू दे तसंच उघडं.

बस, त्या पोत्यावर बस. कोठीले टेकू नको. मले माहीत आहे, उद्या तुले गाडी पकडाची आहे. नेवीत चालला म्हणून दोस्तायनं हार घातले, पेढे वाटले, चांगलं झालं. पण आता लाइन गेलीच आहे, तुमचे मोबाईलही मेले, तं ऐकून जा. नबील, मेणबत्ती आडोशाले ठेव बेटा, विझून जाईन.

तुम्ही नेहमी विचारता ना, चाचाच्या दुकानात ही नवी कोरी कोठी काऊन पडून आहे, इकत काऊन नाई? अख्ख्या आरमोरीत माह्या हातच्या पत्र्याच्या कोठ्या आहेत. धान भरा अन् निजा खुशाल, उंदराचा बाप आत जात नाई. ही एकच मी इकत नाई. अन् सांगतो ते खोटं नाई. ज्याच्यावर गुजरली तो झिंगूभाऊ जिवंत आहे. तिकडं जंगलातल्या गावात राह्यते. बाजाराच्या दिवशी येते, इथीच बसून चहा पिते.

झिंगूभाऊले पोरगा एकच, प्रणित. त्याच्या पाठची करिश्मा. पोट्टा नेवीत लागला, अन् वरून पाणबुडीवर! झिंगूभाऊ गावभर नाचला. समुद्र कोणी पाह्यला होता तिथी? वैनगंगेले पूर आला तेवढंच मोठं पाणी यायले माहीत.

पण पोट्टा पोचला तं पाणबुडी कोरड्यावर! हे तुले कोणी सांगणार नाई अतुल, मी सांगतो, कारण प्रणित पयल्या सुट्टीत आला तवा तू बसला तिथीच बसून सांगत होता. काही सालांनी पाणबुडी दुरुस्तीले गोदीत घेतेत. गोदीचा दरवाजा बंद, पाणी उपसून बाहेर, अन् ते एवढं धूड ठोकळ्यायवर बसवतेत. मंग नव्या पोरायले काय काम? समुद्र नाई न काही नाई. गंज खरवड. रंग मार. वेल्डिंगवाला ठिणग्या उडवते तिथी आग विझवाचा बंबा धरून उभा राह्य. आतमधी केबली अन् पायपं असे पसरलेले का पाय ठेवाले जागा नाई. यंत्रं सारे बंद, तं शिकाचं तरी काय? आंघोळ केली तरी अंगाचा रंगाचा वास जात नाई. गावचे पोट्टे फोनवर चिडवत, 'का बे, बेडूक झाडावर चढला का?' तोही हासे. म्हणे, 'चाचा, पाण्याच्या पोटात जायच्या आधी पाणबुडीच्या पोटात जावं लागते.'

सर्वात वंगाळ काम टाकीचं. पाणबुडीच्या अंगात मोठमोठ्या टाक्या असतेत. पाणी भरलं का ते बुडते, काढलं का वर येते. त्या टाकीत उतरून गंज काढाचा. तोंड एवढंसं, माणूस कसातरी घुसन. अन् बंद टाकीत गंज हवा खाते म्हणे, म्हणून एकटा कोणी जात नाई. एक आत, एक तोंडावर राखणीले. आत जाणारा आपला पितळेचा बिल्ला तोंडाजवळच्या खुंटीले लटकवते. बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. ज्याचा बिल्ला त्यानंच बाहेर येऊन काढाचा, दुसऱ्यानं हात लावाचा नाई. अन् तोंडावरचा थोड्या थोड्या वेळानं पत्र्यावर तीनदा ठोकन, आतला दोनदा ठोकून जबाब देईन. दोन आले नाई तं बोंब मार. समजलं? तीन बाहेरून, दोन आतून.

प्रणितनं इथीच एका जुन्या कोठीत उतरून बापाले ते करून दाखवलं होतं. झिंगूभाऊ बाहेरून ठक ठक ठक करे, पोट्टा आतून ठक ठक. दोघंही लेकरासारखे खिदळत होते. आपल्या बिल्ल्याचा फोटोही दाखवला त्यानं. सतरा नंबर.

दोन महिन्यानं पेटी आली.

टाकीतच गुदमरून गेला पोट्टा. त्या दिवशी तोंडावर ज्याची पाळी होती तो सुनिल, सावली गावाकडचा. झिंगूभाऊच्याच समाजातला, प्रणितचा जिगरी दोस्त, दोघं संगच भरती झालेले. चौकशीत सुनिलनं सांगतलं, प्रणित कोणाले न सांगता आत उतरला, बिल्लाही लावला नाई. बिल्ला दिसला नाई म्हणून कामगारानं झाकण लावलं. बिल्ला काही सापडला नाई. सर्वायनं सुनिलचं खरं धरलं. झिंगूभाऊनंही धरलं. मेलेल्या पोरावर राग धरला त्यानं! इथी बसून रडता रडता शिव्या दे. 'एवढा एक नियम पाळता आला नाई याले, चाचा,' म्हणे.

अन् सुनिल? दर सुट्टीत पयले यायच्या घरी. प्रणितच्या मायच्या, सोनीबाईच्या पाया पडे, तिच्या हातचं जेवे, प्रणितच्या खाटेवर झोपे. झिंगूभाऊच्या समाजात रिवाज आहे, मेलेल्याचा जीव नदीवरून घरी आणाचा, घरच्या पूर्वजायत बसवाचा. हे लोक दोनदा गेले नदीवर. जीव आलाच नाई. गावचा म्हातारा वारलू म्हणे, 'तो निघालाच नाई अजून. आतच आहे.' सुनिल तवा बाजूलेच उभा होता, मान खाली घालून. लोकायले वाटलं, दोस्तासाठी रडून राह्यला. शेवटी झिंगूभाऊनं करिश्माचं लग्न त्याच्याशीच जमवलं. देवानं एक पोरगा नेला, दुसरा देल्ला, असं माने तो.

आता ती रात्र ऐका. दोन हजार चोवीस, फेब्रुवारीची तेवीस तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी पुन्नव. लग्न आठ दिवसावर. करिश्माले आंदण म्हणून झिंगूभाऊनं कोठी सांगतली होती. हीच. संध्याकाळी सासरे-जावई छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले, सुनिलच चालवत होता. कोठी मी फडक्यानं आतून-बाहेरून पुसून देल्ली. गाडीत आडवी बांधली, झाकणाची बाजू कॅबिनले टेकवून. म्हटलं, 'उशीर झाला भाऊ, तिकडं वाघ फिरून राह्यला, सकाळी जा.' झिंगूभाऊ हासला. 'जावई आहे ना संग, चाचा. कायचा वाघ?'

नऊच्या सुमारास निघाले. गावं मागं पडले, जंगल लागलं. चांदणं लख्ख पडलेलं. सुनिल लग्नाच्या गोष्टी सांगत होता. बँड कोणता, वऱ्हाड किती, जेवणात काय. झिंगूभाऊले लय दिवसानं बरं वाटत होतं. डोळा लागतच होता त्याचा.

नाल्याजवळ गाडी आली तवा मागून आवाज आला.

ठक ठक.

'दोरी ढिली झाली वाटते,' झिंगूभाऊ म्हणे.

सुनिल बोलता बोलता थांबला. 'रस्ता खराब आहे, मामाजी.'

रस्ता नवा होता. गुळगुळीत.

ठक ठक.

पोट्टे हो, माहा जलम पत्र्यात गेला. दचक्यानं वाजला तं पत्रा खडखडते. उंदीर असला तं खरवडते. हे तसं नव्हतं. बोटाच्या सांध्यानं दार वाजवावं तसं. दोनदा. मंग गप्प. मंग पुन्हा दोनदा. कोणी विचारून राह्यलं नाई, अन् आतून कोणी जबाब देऊन राह्यलं.

सुनिलनं गाडी दामटली. गाणं लावलं, मोठ्यानं. झिंगूभाऊनं त्याच्याकडं पाह्यलं. एवढ्या गारठ्यात त्याच्या कानामागून घाम वाहून राह्यला होता. झिंगूभाऊनं गाणं बंद केलं. मागच्या पत्र्यावर मूठ आपटली. एकदा. दोनदा. तीनदा.

'नका ठोकू, मामाजी!'

...

ठक ठक.

'गाडी थांबव.'

'इथी वाघ...'

'थांबव म्हटलं!'

झिंगूभाऊ उतरला. दोऱ्या सोडल्या. एकट्यानं कोठी खाली घेतली, रस्त्याच्या कडेले उभी केली. सुनिल दोन पावलं येऊन तिथीच थांबला. झिंगूभाऊनं कडी काढली, झाकण उघडलं, मोबाईलचा उजेड आत मारला.

कोणी नव्हतं. बुडाले ओंजळभर पाणी होतं. पाण्यात पितळेचा बिल्ला होता.

सतरा.

झिंगूभाऊनं तो उचलला. चांदण्यात धरला. सुनिलच्या तोंडातून निघून गेलं, 'हा... हा इथी कसा? हा तं म्या समुद्रात...'

अन् जीभ चावली त्यानं. पण निघालं ते निघालं.

झिंगूभाऊनं बिल्ला उलटासुलटा करून पाह्यला. मंग म्हणे, 'बिल्ला लावला होता त्यानं.'

...

'लावला होता ना?'

'...हो.'

'तू कुठी होता?'

'वरते. मॅच चालू होती, मामाजी. पाच मिनिटं म्हणून गेलो. बिल्ला दिसन अन् राखणीले कोणी नाई दिसन, तं साहेब विचारतीन... म्हणून जाताना खिशात टाकला. वापस आलो तं झाकण लागलेलं. साहेब तिथीच उभे. मले वाटलं, निघाला असन तो...'

'ठोकलं का तू?'

नाल्याकडून टिटवी ओरडत गेली.

'ठोकलं का, सुनिल?'

'...हळूच. साहेबाची पाठ होती तवा.'

'मंग?'

...

'मंग, सुनिल?'

'दोन आले.'

या अल्ला! दोन आले, पोट्टे हो! आतून जबाब आला त्याले. दोस्त जिवंत आहे हे त्याच्या कानानं ऐकलं. साहेब गेल्यावर उघडीन म्हणे. नोकरी जाईन म्हणून भेला. साहेब काही हालले नाई, अन् हा उभा राह्यला तिथी, झाकणाकडं पाहात! वैऱ्यानं मारलं तं माणूस समजून घेते. ह्यानं केसानं गळा कापला.

'माह्या घरी जेवला तू,' झिंगूभाऊ म्हणे. आवाज चढला नव्हता त्याचा. 'त्याच्या खाटेवर झोपला. त्याच्या मायले माय म्हटलं. तुह्या सांगण्यावरून मी मेलेल्या लेकराले शिव्या देल्ल्या रे. अन् पोरगी देऊन राह्यलो होतो तुले... पोरगी!'

'मामाजी, कोणाले सांगू नका... पाया पडतो...'

उघड्या कोठीतून आवाज आला. ठक ठक.

सुनिल पळाला. गाडीत बसला, दार लावलं. झिंगूभाऊ ओरडला, 'थांब!' पण मागचा लाल लाइट मोडावरून गेला. वाघाच्या रानात म्हाताऱ्याले एकटं टाकून गेला तो. पोराले टाकलं, तसंच बापाले.

आता झिंगूभाऊनं काय करावं? झाडावर चढावं? नाल्यापलीकडं गाव होतं, तिकडं पळावं? दुसरा कोणी असता तं पळाला असता.

त्यानं बिल्ला कोठीच्या कडीले अडकवला. झाकण सताड उघडं ठेवलं. बाजूले मांडी घालून बसला. म्हणे, 'आता तोंडावर मी आहो, बाबू. मी नाई उठत.'

अन् पत्र्यावर तीनदा ठोकलं.

ठक ठक.

रात्रभर. बाप तीन, आतून दोन. बाप तीन, आतून दोन. मधी कवातरी झुडपात काहीतरी जड चालत आलं. थांबलं. श्वास ऐकू येत होता त्याचा. झिंगूभाऊ हालला नाई. त्यानं तीन ठोकले. दोन आले. झुडपातलं ते निघून गेलं.

चांदणं फिकं झालं. कोंबडा आरवला दूरच्या गावात. झिंगूभाऊनं ठोकलं.

...

पुन्हा ठोकलं. तीन.

...

बोंब माराले तोंड उघडलं, अन् नजर कडीवर गेली. कडी रिकामी होती. त्यानं खाली पाह्यलं, कोठीत पाह्यलं, गवत हातानं चाचपलं. बिल्ला कुठीच नव्हता. म्हाताऱ्यानं मंग बोंब मारली नाई. तिथीच डोकं टेकवलं कोठीले अन् रडला, दोन साल अडकलेलं सारं रडला. ज्याचा बिल्ला होता त्यानं काढला होता.

लग्न मोडलं. सुनिल कुठी आहे, मले ठाऊक नाई अन् मी विचारतही नाई. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याचं नाव त्या घरात निघत नाई. झिंगूभाऊनं सारं लिहून नेवीले कळवलं, पण बिल्ला दाखव म्हटलं तं काय दाखवणार? करिश्मा गडचिरोलीले नर्सिंग शिकून राह्यली. अन् पंधरा दिवसानं ते लोक पुन्हा नदीवर गेले. वारलूनं हाक मारली, अन् या खेपेले जीव आला म्हणे. पयल्याच हाकेले. सोनीबाईनं ओटीत घालून घरी आणला.

कोठी झिंगूभाऊनं माह्याकडं वापस आणली. 'ठेव, चाचा. पण झाकण लावू नको.' मी नाई लावत. तीनदा धुतली मी ती, उन्हात वाळवली. तरी आतून हातभर उंचीवर गोल पांढरी रेघ येते. पुसली का आठ दिवसात वापस. आता आपल्या बोअरच्या पाण्याचाही पांढरा थर बसते, नाई म्हणत नाई मी. पण तो चाटला तं फिका लागते.

तू चालला म्हणून सांगतलं, अतुल. भेवाडाले नाई. तुले कोणी तोंडावर उभं केलं तं उठू नको, मंग वरते काहीही चालू असो.

नबील, मेणबत्ती आण इकडं. ये अतुल, घाल हात आत. ती रेघ दिसते ना? फिरव बोट तिच्यावर. आता चाट.

काय लागलं?

...

बोल ना बे. खारं लागलं ना?