इंद्रवज्रातली सावली

सकाळी साडेआठची नोंद घ्यायला मी वेधशाळेच्या आवारात गेले, रोजच्यासारखीच. डोंगरमाथ्यावर आम्ही दोघीच राहतो, मी आणि सासूबाई. ही नोकरी आधी ह्यांची होती. गेल्या वर्षी असेच पाऊस मोजायला गेले आणि धुक्यात कड्यावरून पाय घसरला. मग ती मला मिळाली.

पर्जन्यमापक रिकामं करून वळले, तर पाठीमागून ऊन आलं. समोरची दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. त्या पांढऱ्या पडद्यावर माझी लांबलचक सावली पडली होती आणि तिच्या डोक्याभोवती सप्तरंगी गोल कडं. इंद्रवज्र! लग्नानंतर ह्यांनीच मला ते पहिल्यांदा दाखवलं होतं. "ज्याचं कडं त्यालाच दिसतं," म्हणाले होते. "शेजारी उभी राहिलीस तरी माझं तुला दिसायचं नाही. एवढं एक तरी माझं स्वतःचं राहू दे!"

आज माझ्या सावलीला खेटून दुसरी सावली होती. उंच, डावा खांदा किंचित उतरलेला.

तिच्याही डोक्याभोवती कडं होतं.

वारा पडला. पाखरंही गप्प झाली. शेजारी वळून बघायची माझी छाती झाली नाही. ती सावली माझ्याकडे जराशी कलली, बोलणं नीट ऐकायला हे कलायचे तशी...

"किती दिवसांनी हो..." मी पुटपुटले आणि एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक.

कुणीतरी माझं मनगट करकचून धरलं. सासूबाई! अनवाणीच धावत आल्या होत्या.

"पुढे कडा आहे, पोरी..."

"आई, तुम्हालाही दिसतंय?"

"मला नाही दिसणार तर कुणाला?" त्यांना धाप लागली होती. मग धुक्याकडे बघत अगदी हळू म्हणाल्या, "हिला नको नेऊस रे बाळा... मला कोण आहे दुसरं?"

ऊन गेलं. आमच्या दोघींच्या सावल्या विझल्या. ती उंच सावली मात्र तशीच उभी राहिली. मग मान खाली घालून, आईची बोलणी खाल्लेल्या मुलासारखी, कड्याच्या कडेकडेनं आमच्या घराच्या दिशेला सरकत गेली.

आम्ही एकमेकींचा हात न सोडता परतलो. घराचं दार आतून लावलेलं होतं.

सासूबाईंनी डोळे पुसले. दारावर हलकेच थाप मारली.

"उघड रे... आम्हीच आहोत."

आतली कडी सरकली.