कोकिळेचे दुसरे नाव

मार्गशीर्ष, १९८८. वर्ध्याच्या एका संगणकवर्गाच्या दारी, देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढताना, कोकिळा आणि ओमप्रकाश प्रथम समोरासमोर आले. यंत्रे थोडी, विद्यार्थी अधिक. दोघांच्या वाट्याला एकच यंत्र आले. ती सिंदीहून रेल्वेने येई, तो पिपरीचा. तिच्या केसांत अडकलेला कापसाचा तंतू सांगावा की न सांगावा, या विवंचनेतच त्याचा पहिला तास सरला.

माघात सी भाषेतील टाइपडेफ आले. आधीपासून असलेल्या प्रकाराला सोयीचे दुसरे नाव देणे, एवढेच त्याचे कार्य. कोकिळेने ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारास ‘गुण’ म्हणावयाचे योजिले. यंत्राने चूक दाखविली.

“नवं नाव आधी लिहिलं तुम्ही,” ओमप्रकाश हळूच म्हणाला. “जुनं आधी लागते, नवं मागून.”

“मंग जुनं मरते काय?”

“नाई. दोनही चालतात. वस्तू तीच राह्यते.”

ती पडद्याकडे पाहत राहिली... पटले होते, तरी कुठेतरी अडले होते.

चैत्रात त्याच्या घरून मागणी आली. लग्नात नवरीचे नाव बदलण्याच्या रीतीस अनुसरून त्याच्या मातोश्री आनंदाबाई यांनी ‘वैजयंती’ हे नावही योजून ठेवले. कोकिळा मात्र होकार देईना. का, हे तिचे तिलाच उमगेना.

“मी नाई आवडत काय?” वर्ग सुटल्यावर त्याने विचारले.

“आवडता... म्हणूनच समजून नाई राह्यलं. तुमच्या घरी वैजयंती येईन. मंग मी कुठी जाईन?”

दोन्ही नावे चालतात, असे तो म्हणणार होता, पण थबकला. यंत्रास चालतात. घरास चालतील काय, हे त्याने कुणाला विचारलेच नव्हते.

त्या संध्याकाळी त्याने आईस विचारले. आनंदाबाई गोंधळल्या, सुपातले तांदूळ उगाच चाळवीत राहिल्या. मग म्हणाल्या, की माहेरी आपण वेणू होतो. त्या नावाने हाक मारणारे आता कोणीच उरले नाही.

दुसऱ्या दिवशी तो सिंदीच्या फलाटावर उभा होता.

“आई म्हणते, कोकिळाच येऊ दे. अन् घरात कोणी नसलं, का तुम्ही आईले एकडाव वेणू म्हणजा...”

कोकिळेचे डोळे भरले, ओठ मात्र हसले. “म्हणीन. पण पहिले तुम्ही मले हाक मारा. इतके महिने नुसतं ‘तुम्ही’च म्हणता.”

तो लाजला; घसा खाकरला; फलाटावर कोण आहे, ते पाहिले.

“कोकिळा.”

“ओ,” ती म्हणाली.