उलटा शिवलेला फर्मा

पहिल्यांदा ती दुकानात आली तीच पाठमोरी! हात पुस्तकांनी भरलेले, म्हणून दार पाठीनं ढकललं आणि पाय थेट खळीच्या भांड्यात.

"अगं बाई! आता मी इथंच चिकटणार की काय?"

ती खळखळून हसली, आणि आमचा बाइंडर बिचारा जो चिकटला तो कायमचाच.

ती वाचनालयात नोकरीला होती. दर महिन्याला फाटकी पुस्तकं आणायची. बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्या... राज्य सांभाळणाऱ्या, दुष्काळात लेकरं जगवणाऱ्या बायकांच्या.

"ह्याच का फाटतात हो?" त्यानं एकदा विचारलं.

"लोक रडत रडत वाचतात ना... तुम्ही नाही वाचत?"

"छे! वडील सांगायचे, बांधणाऱ्यानं वाचू नये. वाचलं की हात चुकतो."

वर्ष असंच गेलं. मग एकदा तिनं स्वतःच्या हस्ताक्षरातली कादंबरी आणली, सोळा-सोळा पानांच्या घड्या करून. बाइंडर अशा घडीला फर्मा म्हणतात.

"माझ्या पणजीची गोष्ट आहे. एकच प्रत आहे हं! शुक्रवारी प्रकाशकाकडे न्यायचीय. आणि सोमवारपासून... माझी बदली झालीय. दुसऱ्या गावी."

बाइंडरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. आता शुक्रवारी बोललो नाही, तर संपलंच!

त्या दुपारी त्यानं बारा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. फक्त पहिलं पान वाचू म्हणाला. चहा गार झाला, खळ वाळली, त्याला पत्ता नाही. ज्या नदीनं नवऱ्याला गिळलं तिच्यातच, भर पुरात, तान्हं मूल पाठीशी बांधून पणजी नाव लोटत होती. पलीकडं कोणी बाळंतीण अडली होती. बाइंडरच्या अंगावर सर्रकन काटा आला. काय बाई होती ही! आणि अशा बाईच्या पणतीला मी, खळ ढवळणारा, मागणी घालू? कोणत्या तोंडानं?

शुक्रवारी तिनं पुस्तक उघडलं, चाळलं आणि थबकली. मधला एक फर्मा उलटा शिवलेला!

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्ता उसवून देतो! असं कधी झालं नव्हतं हो..."

"पुराचं प्रकरण," ती हळूच म्हणाली. "वाचत नाही ना तुम्ही?"

"राहवलं नाही... डोळ्यांना धार लागली. सुई कुठं चाललीय, दिसेना."

तिचेही डोळे भरले. कितीतरी वेळ ती त्या पानांवरून हात फिरवत राहिली.

"आणखी काही सांगायचंय?"

"होतं... पण एवढ्या मोठ्या बाईची पणती तुम्ही. मी कोण?"

"हे बघा, पणजीचाही पुढं एकावर जीव जडला होता, पण तिनं एकोणीस वर्षं मनातलं मनातच ठेवलं. ती सोशिक होती. मी अजिबात नाही. मी वर्षभर चांगली पुस्तकंसुद्धा फाटकी म्हणून आणतेय! काय विचारायचं ते आत्ता विचारा."

"माझ्याशी... लग्न कराल?"

"करीन की! पण आधी तो फर्मा सुलटा करा. चार वाजता प्रकाशकाकडे पोचायचंय," ती डोळे पुसत म्हणाली, "आपल्याला."