अकरा ओल्या कुंड्या

"दादा दोन दिवस बेपत्ता आहे आणि पोलीस माझ्या मुलाला न्यायला निघालेत. मामा-भाच्याचं रोज वाजायचं ना," बेपत्ता घड्याळजींची बहीण म्हणाली. "आधी गच्चीवर चला."

ज्याला सगळे घुबड म्हणत तो खासगी गुप्तहेर जिना चढला. मागून जिन्याला शिव्या घालत त्याचा मेहुणा.

गच्चीवरच्या काचेच्या खोलीत मुठीएवढे बारा कॅक्टस होते. कुंड्या नव्या, माती ताजी. मांडणीखाली जुन्या कुंड्यांची खापरं, आणि रक्ताचा वाळलेला डाग.

"झटापटीत कुंड्या फुटल्या, मग कुणीतरी झाडं नव्या कुंड्यांत खुपसली," मेहुणा म्हणाला.

घुबडाने प्रत्येक कुंडीत बोट घातलं. अकरा ओल्याचिंब. बारावी कोरडी, तिच्यातल्या लोकरी गोळ्यावर एक गुलाबी कळी.

भाचा दारातच उभा होता. "मामाची काटेरी बाळं मला डोळ्यांसमोर नकोत. काकांना मागेच सांगितलंय, मामाला काही झालं तर सगळी तुम्हीच न्या."

काका म्हणजे गच्चीपलीकडच्या खोल्यांत राहणारे म्हातारे केमिस्ट. तेही कॅक्टसवेडे. आत येताच हळहळले.

"कुंडी बदलली की आठवडाभर थेंब घालायचा नसतो. दुखावलेली मुळं कुजतात. घातलंय कुणीतरी अडाण्याने."

"म्हणजे भाचाच, भावजी," मेहुणा कुजबुजला.

"अडाण्याने बाराही भिजवल्या असत्या," घुबड म्हणाला. "पाणी घालणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, झाडं मरणार. संशय भाच्यावर जावा म्हणून अकरा बुडवली. कळीवालीपाशी मात्र हात धजला नाही. झाडांची इतकी जाण, आणि झाडं मिळायची आशा, दोन्ही एकालाच. खरं ना, काका?"

केमिस्ट कळीकडे बघत राहिले. "बी पेरल्यापासून अकरा वर्षांनी आलीय. बुडाशी फुटलेलं एक पिल्लू मागितलं लावायला, तर हसला. मी ढकललं."

"दादा कुठे आहे?" बहिणीने विचारलं.

"माझ्या कोठीत. शुद्धीवर येऊन ओरडला असता, म्हणून तोंड बांधलं."

"पाणी कधी पाजलंत?" घुबडाने विचारलं.

भाचा केव्हाच गच्चीपलीकडे पळाला होता. दार फुटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"आई," पलीकडून भाच्याची हाक आली, "पाणी आण. मामा मागतोय."