झाडाखालची पांढरी गाडी

ये, बस कांचन. दिवा लावते. हल्ली साडेचारलाच अंधार पडायला लागलाय. देव ऑफिसमधून सहाला येईल, तोवर सांगून होईल.

आफ्रिकेची तीन आठवड्यांची ट्रिप आम्ही पाचव्याच दिवशी का कॅन्सल केली, असं तू विचारलंस. सगळ्यांना आम्ही देवच्या पोटाचं कारण सांगितलं. त्याचं पोट उत्तम होतं.

नीना शिकायला ॲन आर्बरला गेली आणि ईडन प्रेरीतलं हे घर एकदम मोठं वाटायला लागलं. दोघंच जेवायला बसायचो, दोघंही फोनमध्ये. मग एक दिवस देवनेच सुचवलं, नामिबियात स्वतः ड्राइव्ह करत फिरू या. ऑक्टोबरमध्ये आम्ही विंडहुकला उतरलो. टपावर घडीचा तंबू असलेली एक पांढरी गाडी भाड्याने घेतली. सुपरमार्केटमधून पाणी, पाव, अंडी, गॅसची छोटी टाकी घेतली आणि निघालो. पंधरा वर्षांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं म्हणून देव खुशीत होता. वळताना मात्र इंडिकेटरऐवजी दरवेळी वायपरच सुरू व्हायचे. कोरड्या काचेवर ते खरखरत फिरायचे आणि आम्ही हसत सुटायचो. बऱ्याच वर्षांत एवढे हसलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. भर दुपार होती. रस्ता खडीचा. दोन्ही बाजूंना फिकट पिवळं, सपाट मैदान. इतकं सपाट की नजर कुठे अडकतच नाही. दोन तासांत एकही गाडी दिसली नव्हती. आणि मग एक काटेरी झाड आलं. झाडाखाली एक गाडी उभी होती. आमच्यासारखीच, पांढरी, टपावर तंबू असलेली.

"बंद पडली असेल. बघू या," देव म्हणाला.

गाडीची दारं उघडी होती. दोन घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. शेगडीवर किटली, अजून गरम. दोन मगांत कॉफी ओतलेली, तिचा वासही येत होता. माणूस मात्र कुणी नाही. खुर्च्यांपासून पावलांच्या दोन रांगा निघाल्या होत्या, शेजारीशेजारी, सरळ मैदानात गेलेल्या. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

आम्ही हाका मारल्या. वारासुद्धा नव्हता. फोनला रेंज नव्हती.

"उन्हाने चक्कर येऊन पडले असतील, यार. असंच टाकून कसं जायचं?" देव म्हणाला. तो तसाच होता, तुला माहीतच आहे. त्याने पाण्याची बाटली घेतली, किल्ली माझ्याकडे दिली. "मी थोडं पुढे जाऊन बघतो. तू दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजव, म्हणजे मला दिशा कळेल."

तो पावलांच्या मागे मागे गेला. मी आमच्या गाडीत बसून बघत होते. निळा शर्ट लहान लहान होत गेला. झळांमध्ये कधी तो दोन तुकड्यांत दिसायचा, कधी जमिनीपासून वर तरंगल्यासारखा. मी चार वेळा हॉर्न वाजवला. दरवेळी तो वळून हात करायचा.

पाचव्यांदा वाजवणार, तेवढ्यात खिडकीशी आवाज आला.

"आशू, चल. तिकडे कुणी नाहीये."

देव उभा होता. निळा शर्ट, हातात बाटली.

"तू... कधी आलास?"

"आत्ताच. मागच्या बाजूने आलो."

मी समोर बघितलं. दूर मैदानात निळा ठिपका अजून चालतच होता.

कांचन, मी घाबरले असं म्हणणार नाही. घाबरायला आधी काहीतरी समजावं लागतं. माझा हात हॉर्नवर होता.

"आता नको वाजवूस," तो हळूच म्हणाला.

मी वाजवला.

ठिपका थांबला. वळला. त्याने हात वर केला...

"मृगजळ आहे ते, आशू. इथे असंच दिसतं." मग त्याने खिडकीतून हात पुढे केला, किल्लीसाठी. त्याच्या बुटांवर धुळीचा कणही नव्हता.

किल्ली माझ्याकडे होती. गाडी सुरू करून मी सरळ त्या ठिपक्याकडे नेऊ शकले असते. मैदान सपाट होतं, पाच मिनिटं लागली असती. हे मी रोज स्वतःला सांगते. मी किल्ली दिली.

पुढच्या गावात मी पोलिसांना सांगितलं. ते जाऊन आले. झाड होतं, पण त्याच्याखाली गाडी नव्हती. खुर्च्या नव्हत्या. चाकांच्या खुणा फक्त आमच्याच.

"आणि कुणी माणूस?" मी विचारलं.

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग देवकडे. "तुम्ही दोघंच होतात ना?"

"हो, दोघंच," देव म्हणाला.

दोन दिवसांनी आम्ही परतीचं विमान धरलं. त्याने एकदाही का म्हणून विचारलं नाही.

आता सगळं ठीक आहे. तो वेळेवर घरी येतो, जेवताना फोन बाजूला ठेवतो. पूर्वी घोरायचा, आता अजिबात घोरत नाही. कधी कधी मी अंधारात त्याच्या नाकाशी बोट नेऊन बघते. श्वास असतो.

गेल्या रविवारी सकाळी नीनाचा फोन आला. देव किचनमध्ये पोहे करत होता. कढईत मोहरी तडतडत होती.

"आई, बाबा कुठे ट्रॅव्हल करतायत का?" नीना म्हणाली. "आत्ता त्यांचा कॉल आला होता. कुठला तरी वेगळाच नंबर. लाइन सो बॅड, नुसता वाऱ्याचा आवाज."

"काय म्हणाले?"

"फक्त विचारलं, आई घरी नीट पोचली का? मी यस म्हटलं. देन ही सेड, बरं झालं. अँड इट गॉट कट."

किचनमधला आवाज थांबला होता.

"आई? आर यू देअर? नंबर आहे माझ्याकडे. परत लावू का?"

मी म्हटलं, नको.